चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी: किती दिवस चालेल आणि किती पैसे लागतील?

तुमचा प्रश्न मला नीट कळलाय का, ते आधी पाहू. आई ५२ वर्षांच्या आहेत. घरूनच पोळी-भाजीचे डबे देतात आणि खर्च जाऊन महिन्याला १६,००० रुपयांच्या आसपास सुटतात. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. ऑगस्टच्या अखेरीस चिकुनगुनिया झाला, ताप चार दिवसांत उतरला. पण आज नऊ आठवडे झाले तरी मनगटं, बोटांची पेरं आणि घोटे दुखतात, सकाळी सुजलेले असतात. डबे निम्म्यावर आले आहेत. एका डॉक्टरांनी आरए फॅक्टर (संधिवातासाठीची रक्ततपासणी) करायला सांगितला, तो थोडा वाढलेला आला आणि ‘हा आता आयुष्यभराचा संधिवात’ असं ऐकून तुम्ही घरी आलात. मामा म्हणतात, तीन महिन्यांत आपोआप जाईल. हे किती दिवस चालणार, किती पैसे बाजूला काढायचे, धंदा बंद करून कर्ज काढावं का, असे तुमचे प्रश्न आहेत. शेवटी, पुन्हा होईल का, हेही विचारलंय.

मी पुण्याच्या बाजूला संधिवाताची ओपीडी चालवते. पावसाळ्यानंतरचे दोन-तीन महिने आमच्याकडे अशीच रांग असते. ताप गेलाय, प्लेटलेट ठीक आहेत, सगळे म्हणतात बरी झालीस, आणि बाई मात्र सकाळी चहाचं पातेलं दोन्ही हातांनी उचलतेय.

ते डॉक्टर आणि तुमचे मामा, दोघंही आपापलं एकेकच भविष्य ठामपणे सांगताहेत. नवव्या आठवड्यात तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. पावसाचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये येतो आणि मेअखेरीस सुधारून पुन्हा येतो, तसंच इथे करायचं. आज एक अंदाज बांधायचा, बाराव्या आठवड्याला सुधारायचा, सहाव्या महिन्याला परत सुधारायचा. पैशाचं नियोजनही त्याच तारखांना बांधलेलं असावं. पुढचं सगळं उत्तर याच बेताने लिहिलंय.

आधी निदान पक्कं आहे का ते बघा. जुने कागद काढा. तापाच्या पहिल्या आठवड्यात आरटी-पीसीआर केली असेल आणि ती पॉझिटिव्ह असेल, तर प्रश्नच मिटला. आयजीएम ही प्रतिद्रव्याची तपासणी केली असेल तर कोणत्या दिवशी केली ते बघा. ते प्रतिद्रव्य रक्तात दिसायला साधारण चार-पाच दिवस जातात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची निगेटिव्ह आयजीएम फारशी कामाची नाही. उलट ते काही महिने टिकतं, म्हणजे कागद हरवला असेल तर आत्ताही तपासता येतं. काहीच केलं नसेल आणि ‘गल्लीत सगळ्यांनाच होता’ एवढ्यावर निदान झालं असेल, तर एकदा ही तपासणी करून घ्या. पुढचं सगळं त्यावर उभं आहे. खर्च करण्यासारख्या ज्या थोड्या तपासण्या आहेत, त्यांतली ही एक.

आता काळाचं गणित. या आजाराचे डॉक्टर लोक तीन टप्पे धरतात. पहिले तीन आठवडे तीव्र, तिथून तीन महिन्यांपर्यंत मधला, आणि तीन महिन्यांपुढे दुखत राहिलं तर दीर्घकालीन. आई मधल्या टप्प्यात आहेत. या टप्प्यात सूज, सकाळचा ताठरपणा, मधेच दोन दिवस बरं वाटून तिसऱ्या दिवशी पुन्हा धरणं, हे सगळं सर्रास दिसतं. तीन महिन्यांची रेघ ही सोयीसाठी ओढलेली आहे, पण ती निरर्थक नाही. तोवर पुष्कळ जण आपोआप सुधारतात आणि त्यानंतर सुधारण्याचा वेग मंदावतो. मामांनी बहुधा पहिलं अर्ध ऐकलंय.

किती लोकांचं दुखणं लांबतं? इथे आकडे गोंधळात टाकतात, आणि तुम्ही नेटवर वाचून घाबरला असाल तर त्याचं कारणही हेच. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर २००५-०६ मध्ये मोठी साथ आली, सुमारे एक तृतीयांश लोकसंख्येला लागण झाली. तिथल्या प्रयोगशाळेत पक्क्या झालेल्या रुग्णांना साधारण १५ महिन्यांनी विचारलं, तर निम्म्याहून जास्त जणांनी अजून सांधे दुखतात असं सांगितलं. कोलंबियातल्या २०१४-१५ च्या साथीनंतर २० महिन्यांनी हे प्रमाण चारांत एक इतकं निघालं. आणि आपल्याकडे, २००६ च्या साथीनंतर, पुण्यातल्या संधिवाततज्ज्ञांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या बावी या गावात दोन वर्षं पाठपुरावा केला. तिथे दुसऱ्या वर्षाअखेर दुखणारे शेकड्यामागे पाच जणसुद्धा उरले नव्हते.

निम्म्याहून जास्त आणि पाचाहून कमी, दोन्ही आकडे खरे असू शकतात. मोजले कोण, यावर सगळं आहे. गावात घरोघर जाऊन मोजलं की ज्याला आठवडाभर ताप आला आणि जो दहाव्या दिवशी शेतावर गेला, तोही हिशेबात येतो. दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत पोचलेल्यांतून मोजलं की जास्त त्रास झालेलेच हाती लागतात. त्यात ‘दुखतं का?’ असं फोनवर विचारणं वेगळं आणि सांध्याला हात लावून सूज बघणं वेगळं. पन्नाशीतल्या कुणालाही ‘गेल्या महिन्यात गुडघा दुखला का?’ विचारा, निम्मे हो म्हणतील, चिकुनगुनिया झाला असो वा नसो.

मग आई कोणत्या गटात? बावीच्या सगळ्या गावकऱ्यांच्या सरासरीत त्या आता बसत नाहीत, कारण त्यातले बरेचसे नऊ आठवड्यांआधीच बरे झालेले होते. नवव्या आठवड्यात ज्यांना सूज आहे, अशांचं पुढे काय होतं, एवढंच आपल्या कामाचं आहे. असा गट लहान, आणि त्यांचं प्रमाण गावाच्या आकड्यापेक्षा नक्कीच वाईट. पण ‘आयुष्यभर’ म्हणण्याइतकं वाईट बिलकूल नाही.

अंदाज वरखाली करणाऱ्या गोष्टी बऱ्याच अभ्यासांत पुन्हा पुन्हा येतात. वय ४५ च्या पुढे, सुरुवातीच्या दिवसांत खूप तीव्र वेदना, एकाच वेळी अनेक सांधे धरलेले, आधीपासूनची सांध्यांची झीज, मधुमेहासारखे जोडीचे आजार. बायकांमध्ये दुखणं जास्त लांबतं असंही बहुतेक ठिकाणी दिसलंय. आईंच्या पारड्यात यातल्या दोन-तीन गोष्टी पडतात. आधी गुडघे किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखायचं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते विचारा, फार फरक पडतो.

पण या यादीपेक्षाही मला जास्त सांगून जातो तो हात. माझ्या ओपीडीत मी रुग्णाला आधी दोन्ही मुठी वळायला सांगते. बोटांची टोकं तळहाताला टेकतात की मधे फट राहते? मग चारही बोटांच्या मुळांवर आडवा, हलका दाब देते. ‘आई गं’ म्हणून हात मागे घेतला, तर आत दाह आहे असं धरून पुढे जाते. नंतर मनगटाच्या पाठीवर बोट फिरवते. तिथे गादीसारखं मऊ लागलं तर ती सांध्याच्या अस्तराची किंवा स्नायूंच्या दोऱ्यांभोवतालच्या पिशवीची सूज. मग प्रश्न: उठल्यावर हात मोकळा व्हायला किती वेळ लागतो? बायका मिनिटांत उत्तर देत नाहीत. ‘दूध तापेपर्यंत’ म्हणतात, किंवा ‘मुलं शाळेत जाईपर्यंत.’ पहिलं उत्तर म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, दुसरं तासाच्या पुढचं, आणि या दोघींचं पुढचं वर्ष सारखं जात नाही.

या तपासणीतून साधारण चार प्रकार वेगळे होतात. काहींना सूज कुठेच नसते, नुसतं अंग ठणकतं, थकवा असतो, झोप लागत नाही. यांचं दुखणं खरंच असतं, पण सांध्याचं नुकसान होत नाही आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. काहींची जुनी झीज या तापाने भडकलेली असते. त्यांचं मनगट बरं होतं, गुडघा मात्र बोलत राहतो, आणि तो चिकुनगुनिया नसता तरी दोन-तीन वर्षांनी बोलायला लागलाच असता. काहींना रात्री बोटांना मुंग्या येतात, हात झटकावा लागतो. मनगटातल्या सुजेने नस दबलेली असते, रात्री पट्टी बांधली की पुष्कळांना आराम पडतो. आणि उरलेल्यांना खरी, हाताला लागणारी सूज असते. हा चौथा गट लहान आहे, पण औषधं, तपासण्या आणि खर्च मुख्यतः इथेच. तुमच्या वर्णनावरून आई चौथ्या गटात असाव्यात असं वाटतं, पण ‘सुजल्यासारखं वाटणं’ आणि सूज असणं यांतला फरक हात लावल्याशिवाय कळत नाही. तो मला इथून सांगता येणार नाही.

आता आरए फॅक्टर, कारण सगळ्यात जास्त झोप त्यानेच उडवलेली दिसते. हा फॅक्टर संधिवात नसलेल्या लोकांतही सापडतो. वय वाढलं की सापडतो, अनेक संसर्गांनंतर तात्पुरता वाढतो. दुसरी गंमत अशी की आमवाताचं, म्हणजे त्या डॉक्टरांनी सांगितलेल्या ‘आयुष्यभराच्या संधिवाताचं’, निदान करायला जगभर जे २०१० चे गुणांचे निकष वापरतात, त्यात दहापेक्षा जास्त सांधे, त्यातले काही हातापायांचे लहान, याला सर्वाधिक गुण आहेत. सहा आठवड्यांहून जास्त काळ झाला त्याला एक गुण, सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) वाढला त्याला एक, आरए फॅक्टर वाढला त्याचे वेगळे. सहा गुण झाले की आमवात. चिकुनगुनियाचा सातव्या आठवड्यातला रुग्ण या परीक्षेत आरामात पास होतो! म्हणूनच त्या निकषांत आधीच अट आहे, की ही सूज दुसऱ्या कोणत्या आजाराने नीट समजत असेल तर हे गुण मोजायचेच नाहीत. इथे दुसरा आजार समोर उभा आहे.

तेव्हा आरए फॅक्टर दर महिन्याला करत बसू नका. तो वर गेला काय, खाली आला काय, उपचार बदलत नाही. बाराव्या आठवड्याला सूज असेलच, तर अँटी-सीसीपी ही आमवाताची जास्त नेमकी रक्ततपासणी एकदा करावी. चिकुनगुनियात ती बहुधा निगेटिव्ह येते. चांगली ठळक पॉझिटिव्ह आली तर मग आमवाताचा विचार गांभीर्याने करायचा, कारण काही थोड्या लोकांत तो आतून यायच्या तयारीत असतो आणि या तापाच्या निमित्ताने बाहेर पडतो. त्यांना उशीर परवडत नाही. हातापायांचा एक एक्स-रे त्याच वेळी काढून ठेवावा. हाडाला खड्डे पडणं चिकुनगुनियात कमी दिसतं, पण पुढे तुलनेला तो जुना एक्स-रे कामी येतो.

इथवरचं थोडक्यात: आईंचं दुखणं आयुष्यभराचं आहे असं म्हणायला आज आधार नाही. तीन महिन्यांत नक्की जाईल असं म्हणायलाही नाही. वय, मधुमेह आणि सूज यांमुळे त्या सरासरीपेक्षा जरा लांबच्या रस्त्यावर आहेत. खरा निकाल बाराव्या आठवड्याला, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी कळायला लागेल.

आता पैसा. लोक औषधांचा खर्च विचारतात, पण खर्चाचा मोठा वाटा तिथे नसतो. २००६ च्या भारतातल्या साथीचा हिशेब संशोधकांनी मांडला, तेव्हा आजारपणामुळे वाया गेलेली निरोगी आयुष्याची वर्षं सुमारे २५,५८८ भरली. त्यातला ६९ टक्के भार एकट्या लांबलेल्या सांधेदुखीचा होता, तापाचा नव्हे. बुडालेली कमाई कमीत कमी ३९ कोटी रुपये धरली गेली. देशाचं जे, तेच घराचं. तुमच्या घरात पैसा औषधाच्या दुकानात कमी आणि न लाटलेल्या पोळ्यांत जास्त जातोय.

मी तुमच्याच आकड्यांवर तीन वाटा मांडून दाखवते. डबे निम्मे असताना महिन्याला ८,००० रुपये बुडतात. पाऊण धंदा चालला तर ४,०००. दवाखाना, तपासणी, गोळ्या, रिक्षा हे मी ढोबळ धरलंय, तुमच्या गावाप्रमाणे बदला.

हलकी वाट: आणखी दोन महिने निम्मे डबे, मग सुरळीत. बुडालेली कमाई १६,००० आणि दवाखान्याचे ३,०००, मिळून १९,०००. मधली वाट: सहा महिने. पहिले तीन निम्मे, पुढचे तीन पाऊण. २४,००० अधिक १२,००० म्हणजे ३६,००० कमाई बुडाली. दवाखाना महिन्याला १,५०० धरला तर ९,०००. एकूण ४५,०००. लांब वाट: पंधरा महिने. सहा महिने निम्मे, नऊ महिने पाऊण. ४८,००० आणि ३६,००० मिळून ८४,०००. या वाटेत औषधं आणि नियमित रक्ततपासणी असते, म्हणून महिन्याला २,००० धरून ३०,०००. एकूण १,१४,०००.

आईंसारख्या दहा बायका माझ्यासमोर आज बसल्या, तर पाच हलक्या वाटेने, तीन मधल्या आणि दोन लांब वाटेने जातील असं मी धरेन. हा माझ्या ओपीडीतला अंदाज आहे, कुठल्या अभ्यासातला आकडा नाही. याची सरासरी काढली तर ४५,८०० येते. पण सरासरी ठेवून चालत नाही, कारण सरासरी कुणालाच लागत नाही. मधल्या वाटेचे ४५,००० हाताशी असावेत, आणि लांब वाट निघालीच तर वरचे साधारण ७०,००० कुठून आणायचे हे आत्ता नुसतं ठरवून ठेवावं: भिशी, मोडता येईल अशी ठेव, भावाकडून. ते आज उचलायचे नाहीत. कर्ज आज काढू नका. हप्ता तिन्ही वाटांवर सारखाच भरावा लागतो.

धंदा बंद करण्याबद्दलही माझं मत नकाराकडे आहे. एकदा डबा दुसरीकडे लागला की गिऱ्हाईक सहसा परतत नाही, आणि हा तोटा माझ्या वरच्या हिशेबात धरलेलाच नाही. त्यापेक्षा मनगटावर येणारं काम तेवढं बाजूला काढा. पोळीच्या धंद्यात सगळ्यात जास्त जोर कणीक मळायला आणि कुकरचं झाकण, जड पातेली उचलायला लागतो. लाटणं त्यामानाने हलकं, तरी शे-दीडशे पोळ्या म्हटल्यावर तेही जडच. सकाळी चार तासांसाठी एखादी मदतनीस ७,००० रुपयांत मिळाली तर निम्मे गेलेले डबे बहुतांश परत येतात. कागदावर महिन्याला हजाराचाच फायदा दिसेल. पण गिऱ्हाईक टिकतं आणि हाताला ज्या दिवसांत विश्रांती हवी त्याच दिवसांत ती मिळते. आईंनी भाजी, चव, हिशेब, माणसं सांभाळावीत. डबे पाऊण झाले की मदतनिशीचे तास कमी करता येतात.

पूर्ण विश्रांतीही नको. ‘आई, तू काही करू नकोस’ हे प्रेमाने सांगितलं जातं आणि त्याने बोटं आणखी आखडतात. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून मुठी उघडबंद करणं, सूज उतरेल तसं हळूहळू वाढवणं, एवढंही बरंच काम करतं.

विम्याचं म्हणाल, तर बहुतेक पॉलिसींत ओपीडीचा खर्च मिळत नाही, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनाही दाखल रुग्णासाठी आहे. मात्र तापात आई भरती झाल्या असतील तर पॉलिसीतलं ‘डिस्चार्जनंतरचा खर्च’ हे कलम वाचा. पुष्कळ पॉलिसींत ६० दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासण्या त्यात येतात. तुमची मुदत संपत आली असेल किंवा संपलीही असेल, पण त्या दिवसांतल्या पावत्या सापडल्या तर पाठवता येतात का ते विचारा.

उपचारांबद्दल थोडं, कारण अंदाज त्यानेही बदलतो. सर्वांत मोठा धोका मला ‘एका इंजेक्शनात मोकळं’ करणाऱ्यांचा वाटतो, आणि नाव नसलेल्या पुड्यांचा. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत माणूस चालायला लागतो, आठव्या दिवशी दुप्पट दुखतं, पुन्हा इंजेक्शन. आईंना मधुमेह आहे, साखर कुठच्या कुठे जाईल. स्टेरॉइड वाईटच असं नाही. सूज फार असेल तर कमी मात्रेत, ठरावीक दिवस, हळूहळू उतरवत मीही देते. पण किती आणि कधी थांबणार हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहिलेलं असतं, आणि साखर घरी मोजायला सांगितलेली असते. नेहमीच्या सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांबाबतही मधुमेहात आधी क्रिएटिनीन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघावं, महिनोन् महिने मेडिकलमधून परस्पर आणून खाऊ नयेत.

क्लोरोक्विनच्या गटातल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास लिहिल्या जातात. पुण्यातच झालेल्या एका चाचणीत क्लोरोक्विन नेहमीच्या वेदनाशामकापेक्षा सरस ठरलं नव्हतं. त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत त्यावर फार भिस्त ठेवू नका. तीन महिन्यांपुढे खरी सूज राहिलीच, तर मेथोट्रेक्सेट या सांध्यांचा दाह आवरणाऱ्या गोळीचा पर्याय येतो. गोळी स्वस्त असते, खर्च आणि काळजी असते ती रक्ताची आणि यकृताची तपासणी वेळच्या वेळी करण्याची. आणि एक गोष्ट ठळक अक्षरात लिहून फ्रिजवर लावा: ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही. रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत. वार ठरवून घ्या, आणि फॉलिक ॲसिड कोणत्या दिवशी ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

बाराव्या आठवड्यापर्यंत तुम्ही एकच काम करा. घरातल्या कॅलेंडरवर, दर रविवारच्या चौकोनात तीन गोष्टी लिहा: सकाळी हात मोकळा व्हायला किती वेळ लागला, मूठ पूर्ण वळली का, आणि त्या आठवड्यात सरासरी किती डबे गेले. दुखणं दहापैकी किती, हे रोज विचारू नका. विचारून विचारून ते वाढतं आणि आई वैतागतात. नोव्हेंबरअखेर ताठरपणाचा वेळ आताच्या निम्म्याच्या खाली आला असेल आणि मूठ वळत असेल, तर तुम्ही हलक्या वाटेवर आहात. औषधं कमी करत जायची, मोठ्या तपासण्या करायच्या नाहीत. थोडाच फरक असेल, सूज नसेल, तर मधली. आणि ताठरपणा तासाच्या पुढे, मनगटं गादीसारखी, मूठ अर्धवट, असं चित्र असेल तर संधिवाततज्ज्ञाकडे जा आणि लांब वाटेचा बेत उघडा. तेव्हाही घाबरायचं कारण नाही. लांब वाटेवरचे रुग्णही औषधं लागू पडून पुढे औषधं सोडतात, फक्त वेळ लागतो. अजून एक: डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत दुखणं थोडं उसळतं. नोव्हेंबरात बरं वाटून डिसेंबरात पुन्हा धरलं, तर लगेच ‘उलटलं’ म्हणून नव्याने तपासण्यांचं पॅकेज घेऊ नका. दोन-तीन आठवडे रविवारची नोंद बघा.

बारा आठवड्यांची वाट न बघता लगेच दाखवायचं ते असं: एकच सांधा लालबुंद, गरम आणि ताप, कारण मधुमेहात सांध्यात पू होऊ शकतो. हातापायातली ताकद जाणं. वजन उतरत जाणं. डोळा लाल होऊन अंधुक दिसणं. या गोष्टी ‘चिकुनगुनियाचंच आहे’ म्हणून सोडायच्या नाहीत.

आता तुमची पुरवणी. एकदा चिकुनगुनिया झाला की प्रतिकारशक्ती दीर्घकाळ टिकते, त्यामुळे आईंना तो पुन्हा होण्याची शक्यता फार कमी. त्या ‘पुन्हा झाला’ म्हणतील तेव्हा बहुधा जुनंच दुखणं उसळलेलं असेल, किंवा ताप असेल तर तो डेंगी असेल. ताप आला तर डेंगी नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय कुठलंही वेदनाशामक नको, मेथोट्रेक्सेट चालू असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगायचं. वडिलांचं तसं नाही. त्यांना झाला नसेल तर ते कोरेच आहेत, आणि आईंकडून त्यांना थेट लागत नाही, डास लागतो. बार्शीला १९७३ मध्ये साथ आली, नंतर तीसेक वर्षं आपल्याकडे या रोगाचं नाव नव्हतं, आणि २००६ मध्ये एवढी मोठी लाट आली तेव्हा एक पूर्ण पिढी कोरी होती. एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. डब्यांच्या धंद्यात पाणी भरून ठेवलेली पिंपं असतातच. ती आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासायची, नुसतं झाकण ठेवून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली राहतात. फ्रिजच्या मागचा ट्रेही बघा, तो कुणी बघत नाही.